वर्षश्राद्धाला मी नसेन, आये

प्रिय आये,

मी चौथी-पाचवीत असेन. शाळेतून आले की निळा पिनाफोर न बदलताच ओट्यावर तुझ्या बाजूला बसायचे. समोर मेथीचा ढीग, बादलीत भिजत घातलेल्या सोपटाच्या, केळीच्या खोडाच्या सालीच्या, पट्ट्या. तू त्यांनी न बघता बाजाराच्या जुड्या बांधायचीस. माझी जुडी उचलून एकदा झटकायचीस, की ती सुटायचीच! "सिस्टरनी इंग्लिश शिकवली, गाठ नाय शिकवली?" म्हणायचीस आणि माझी बोटं तुझ्या बोटांत धरून पुन्हा बांधायला लावायचीस.

आज लिहायला बसले, कारण काल यादी लागली आणि तिच्यात माझं नाव आहे. ऑक्युपेशनल थेरपीच्या मास्टर्सला. छप्पन्नाव्या वर्षी! मूळ कागदपत्रं घेऊन कॉलेजात हजर राहायचा शेवटचा दिवस नेमका तुझ्या वर्षश्राद्धाचा आहे. त्या दिवशी मी घरी नसेन, आये. दुसऱ्या कुणी कागाळी करायच्या आधी मीच सांगते.

दादा कालपासून धुमसतोय.

"आयेच्या वर्साला एकुलती लेक नाय? लोकांना काय सांगू?"

"सांग, कॉलेजला गेली."

"नातू पाळण्यात नि आजी कॉलेजात! कॉलेज काय पळून जातंय? पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी यादी नवी असते, दादा."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाऊ द्या ना त्यांना. आईंना आवडलं असतं."

आवडलं असतं का गं तुला? खरं सांग. पदवी झाली तेव्हाही मला पुढे शिकायचं होतं. "आधी लगीन, मग काय ती शाळा," म्हणालीस. आजोबांशी भांडून मला कॉन्व्हेंटात घालणारी तू, शेवटच्या पायरीवर अशी कशी थांबलीस? मीही ऐकलं. पुढे विरारच्या एका खास मुलांच्या शाळेत अर्धा दिवस जात राहिले आणि मास्टर्सचं नाव काढणं सोडून दिलं.

माझा विषय तुला कधी पटलाच नाही. "गोळी देत नाय, सुई टोचत नाय, ही कसली डॉक्टरकी?" मी सांगायचे, आजारपणाने माणसाचं रोजचं काम सुटतं, ते त्याला पुन्हा करता यावं म्हणून हे शिक्षण. त्यावर तू, "हाताला काम शिकवाय कॉलेज कशाला? चार दिवस माझ्या ओट्यावर पाठव!" किती हसलो होतो दोघी!

मग तुला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. दोनेक महिन्यांत बोटं थोडी हलायला लागली. मी आनंदाने प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे घेऊन आले, तर तू तोंड फिरवलंस. "मी काय बालवाडीत हाय?" बरोबरच होतं तुझं. दुसऱ्या दिवशी मी मेथी आणली आणि सोपट भिजवलं. आठवतं? तासाभरात तीन जुड्या. तिसरी मी झटकली, तर सुटली नाही. तू चेहरा असा केला होतास, की जणू अख्खा बाजार मारून आलीस!

तेवढ्यात काशीमावशी शेजारून आली नि दारातूनच ओरडली, "अगो बाय! लुळ्या आयेला कामाला लावली? दोन पोरं हायत ना तिला!"

संध्याकाळी दादाने मेथीची पाटी उचलून मागच्या दारी नेऊन ठेवली. "तिने आयुष्यभर केलं. आता तिने बोट उचलायचं नाय. आम्ही मेलो नाय अजून." त्याचे डोळे भरले होते. आपल्याकडे सेवा म्हणजे हेच ना? आजारी माणसाला पाण्याचा पेलासुद्धा उचलू द्यायचा नाही. वहिनी घास भरवायची, दादा केस विंचरायचा, आलेगेले म्हणायचे, नशीबवान म्हातारी. कुणाचं प्रेम खोटं नव्हतं. म्हणून तर भांडता आलं नाही.

आणि तूही त्यांच्याच बाजूने झालीस! "जाऊ दे बाय, मना आता बसून खाऊ दे." एवढंच म्हणालीस आणि मी गप्प बसले. माझ्याकडे पदवी होती. न वापरलेल्या हाताचं काय होतं, हे मी परीक्षेत लिहून पहिली आले होते. तरी गप्प बसले. लोक मला वाईट लेक म्हणतील, एवढीच भीती होती. एवढीशी!

तीन वर्षांत तुझी मूठ मिटली ती मिटलीच. नखं तळव्यात रुतायला लागली. तळवा पुसायला मी एक एक बोट उघडायचे, तेव्हा तू ओरडायची नाहीस, छताकडे बघत राहायचीस. त्या छताकडे बघणाऱ्या डोळ्यांची माफी मी अजून मागितलेली नाही. आज मागते.

पण नुसतं रडत बसणारी मी तुझी लेक नव्हे. अर्ज भरला. मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर प्रवेश परीक्षा दिली. मुलाखतीला एका तरुण सरांनी विचारलं, "मॅडम, या वयात? किती वर्षं काम करणार?" मी म्हटलं, "सर, मला म्हाताऱ्या माणसांचे हात शिकायचेत. माझ्या पेशंटपेक्षा मी तरुणच असणार." बाजूच्या बाई खुदकन हसल्या. मग त्या बाईंनीच विचारलं, नेमकं काय शिकायचंय? मी तुझ्या तीन जुड्यांची गोष्ट सांगितली. घरच्यांना कसं समजवायचं ते शिकायचंय, म्हटलं. पेशंट ऐकतात, घरचे ऐकत नाहीत. त्यानंतर कुणी वय विचारलं नाही.

तेव्हा दादाने रुसावं, मावशीने गावभर सांगावं. श्राद्धाचा स्वयंपाक वहिनी करेल, पिंड दादा ठेवेल. कावळा शिवायला वेळ लावलास, तर ते माझ्या नावावर खपवतील, म्हणून जरा लवकर ये! माझं काम त्या दिवशी दुसरीकडे आहे. तुझ्या मुठीपाशी मी गप्प बसले, तशी पुन्हा कुणाच्या मुठीपाशी बसणार नाही, हा माझा शब्द. मग मला कुणी कितीही वाईट लेक म्हणो.

तुझ्या वस्तूंचं मी ठरवलंय आणि कागदावर लिहून वहिनीकडे दिलंय. कानातल्या कुड्या आणि चांगली लुगडी वहिनीची. तीन वर्षं तुला न्हाऊ-माखू तिने घातलं, मी नाही. खाट आणि गादी दानात भटजींकडे जाणार नाहीत. कळंबला एक कोळीदादा झटका येऊन जमिनीवर पडून आहेत, ती त्यांना. खाट पोचवायला मी सोबत जाईन आणि त्यांच्या बायकोशी बोलेन. तुझी विळी मला. तुला निजल्या निजल्या पाणी पाजायचा तो चोचीचा पेला कुणालाही द्यायचा नाही.

आणि तुझी काठी काशीमावशीला. तिचे गुडघे गेलेत, सुना तिला जागेवरून हलू देत नाहीत. पण काठी तिच्या घरी कुणी पोचवायची नाही. तिने स्वतः उठून, आपलं अंगण ओलांडून यायचं आणि घेऊन जायची.

तुझी हट्टी,
मंदा