गॅलरीतल्या टाळ्या

मंगळवार पेठ, कोल्हापूर
डिसेंबर १९९७

रूपालीच्या पप्पांस,

पोरीला ऐकू येत न्हाय कळल्यावर तुमी घर सोडलासा. "मुक्या पोरीचं कोण ऐकणार?" म्हणालतासा. आता ऐका.

मी तिच्याच मूकबधिर शाळेत सैपाकाला हाय. शाळेचं अनुदान अडकलं होतं. आमदारांनी तो प्रश्न विधानसभेत घेतला, म्हणून पोरांना घेऊन आमी नागपूरला गेलतो. गॅलरीत बसवताना पोलिसानं दम दिला, "आवाज करायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत." मला हसूच आलं. खाली मोठी मोठी माणसं एकमेकांवर वरडत होती आणि वर आमची पोरं गप्प बसून बघत होती.

मंत्री उठले. आमच्या पोरांत प्रत्येक माणसाला नावाऐवजी हातांची एक खूण असती. पोरांनी लगेच त्यांची खूण ठरवली, नाकावरचा चष्मा. "अनुदान सुरू करतो," मंत्री म्हणाले. शाळेच्या बाईंनी ते पोरांना हातांनी सांगितलं, तशी सगळ्या पोरांनी दोन्ही हात वर करून पंजं हलवलं. आमच्या शाळेत टाळी अशीच असती. वाऱ्यावर उसाचं शेंडं हलावं तसं दिसत होतं. खालच्या एकानं वर बघितलं, मग दुसऱ्यानं. बघता बघता सगळं सभागृह गपगार झालं. पोलीस धावत आला आणि बघतच उभा राहिला.

हे पत्र धाडणार न्हाय. कुणाला लिवलंस, असं रूपाली विचारंल, तवा कुठली खूण करू? मंत्र्याला खूण हाय, त्या पोलिसालाबी हाय. तुमच्यासाठी तिच्याकडं खूणच न्हाय.

रूपालीची आई