अ‍ॅक्टिनियमचा डोस

४ फेब्रुवारी
ती. स्व. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझा अ‍ॅक्टिनियमचा डोस आज आमच्या प्रयोगशाळेतून निघाला, परवा इस्पितळात पोहोचेल. शिशाच्या डब्यात इवलीशी बाटली, तळाशी चार थेंब. जगात हे इतकं थोडं बनतं की सोन्याला कुणी विचारू नये. तुझ्या हाडांत पसरलेल्या गाठी हुडकून हे त्यांनाच चिकटतं आणि दोन-चार पेशींपलीकडे मार जाऊ देत नाही. आत्याच्या जिभेपेक्षा नेमकं. डॉक्टर म्हणाले, बाकीचे उपाय थकले, हा शेवटचा. तेव्हा मुकाट्याने जा.

लोभ आहेच, तक्रारीही आहेत.
तुझी धाकटी

२५ फेब्रुवारी
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

डोस सुखरूप आहे. जुन्या गोळ्यांची दोन पाकिटं शिल्लक होती, आणि चाळीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलेला माणूस जुना माल संपल्याशिवाय नवा काढत नाही. मला ताप आल्याचं डॉक्टरांना सांगितलं. इस्पितळाचा भांडारवाला आमच्याच पंथातला निघाला. डबा कुलपात, वहीत दोघांच्या सह्या. तुझी वहिनी म्हणते, मी श्वाससुद्धा जुना संपल्यावरच नवा घेतो. आज गोळ्या संपल्या. उद्या डबा उघडायचा.

आहे तो लोभ जपून वापर.
दादा

२ मार्च
ती. स्व. दादास,
नमस्कार.

डॉक्टरांचा फोन आला. डब्यातल्या औषधाचा पावच जोर उरलाय, तेवढा पुरत नाही. चोरी नाही, गळती नाही. हे किरणोत्सारी द्रव्य दर दहा दिवसांनी आपलं आपण निम्मं होतं, कुलूप कितीही दणकट असो. डॉक्टर समजत होते, तू आला नाहीस म्हणून डोस दुसऱ्या रुग्णाला गेला. पुढचा नंबर सप्टेंबरात. मी सगळीकडे हातापाया पडून पाहिलं. तुला जूनही कठीण, म्हणतात.

शिव्या द्यायला बसले होते. मग आठवलं, हे औषध मिळत नाही, असं मी पत्रात मिरवून लिहिलं; ते टिकत नाही, हे लिहिलंच नाही. मिळत नाही म्हटलं की तू कुलूप शोधतोस, हे मला लहानपणापासून ठाऊक.

काय मागू?
धाकटी

६ मार्च
चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझा दोष नाही. माझ्या भांडारातून कधी सुई हरवली नाही म्हणून सत्कार झाला होता. माणसं मात्र रिकाम्या हाताने परत जायची. तेव्हाच कुणीतरी चार शिव्या घालायला हव्या होत्या. तो डोस कुणाला मिळाला असता, हे डॉक्टरांना दोनदा विचारलं. सांगत नाहीत.

रजा काढून याच आठवड्यात ये. पुढच्याचा भरवसा मी देत नाही.
दादा