तिसरी हाक

वाकोला, ९ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप आईस लवूचा दंडवत.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या वाडीतला काशीराम माझ्याच कारखान्यातली नोकरी सुटून गावी गेला, तरी रोज तिन्हीसांजेला दाराबाहेरून त्याच्याच आवाजात दोन हाका येतात. भूत तिसरी हाक मारत नाही, म्हणून तिसरीशिवाय ओ देऊ नये, असं तूच शिकवलंस. तिसरी येतच नाही. त्यानेच माझ्यामागे काहीतरी लावलं म्हणून मी चरफडायचो.

काल साहेबांना सांगितलं, कारखान्यातली मोटर माझ्या हातून जळली, आळ मात्र मी काशीरामवर घातला. संध्याकाळी पहिल्याच हाकेला ओ दिली. दुसरी आलीच नाही.

त्याला कामावर परत बोलावलंय, एवढा निरोप दे. माझं काय ते साहेब ठरवतील.

तिकडे तिन्हीसांजेला तो कुणाला हाका मारायचा, ते मात्र त्याला विचारू नकोस.

तुझा,
लवू