चमक न मारणारी काच

राणीसावरगाव,
४ ऑगस्ट २०२४

चि. सारंग यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. उत्तरही कागदावरच दे. शेजारचे व्यंकटराव परवा परभणीला देवाचा फोटो मढवायला गेले होते. दुकानात तू उभा, आणि समोर माझा फोटो, हातभर मोठा केलेला! तू दुकानदाराला म्हणत होतास म्हणे, की हा फोटो लय वर्षं टिकायची गरज नाही, पण लवकर पाहिजे.

अरे, आपल्याकडं म्हाताऱ्या बाईचा एकटीचा फोटो मोठा करून कधी मढवतात, हे मी सांगायला पाहिजे का? तेराव्याला! व्यंकटरावांनी गावभर केलं. गल्लीतल्या सगुणाबाई शिरा घेऊन आल्या आणि माझ्याकडं बघून डोळे पुसायला लागल्या. गेल्या महिन्यात तू तिकडं माझ्या तपासण्या करून घेतल्यास, सगळं ठीक म्हणालास, रिपोर्ट मात्र दाखवला नाहीस. काय निघालंय त्यात?

दादाला नमस्कार सांग. माया ठेव, आणि खरं सांग.

तुझी अनसूयाआत्या

परभणी,
९ ऑगस्ट

ती. आत्यांस सा. न. वि. वि.

व्यंकटकाकांच्या कानांना काय म्हणावं! तुमची तब्येत ठणठणीत आहे. फोटो आपल्या बैठकीसाठी आहे. मूळ फोटो अल्बममध्येच आहे, ही मोठी केलेली प्रत. चौकट सागवानी घेतली, कारण दाबलेल्या भुशाची पट्टी पावसाळ्यात फुगते. आजोबांचा फोटो ओल धरून काचेला चिकटला आणि सोडवताना त्यांचं कपाळच निघून आलं, आठवतं ना? म्हणून फोटो आणि काचेच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची किनार घालणार होतो, पण ती काढून टाकली. काचही साधी नाही, चमक न मारणारी सांगितलीय. बाबा मजेत आहेत. ईश्वरीचा नमस्कार.

रागवा, पण लिहीत राहा.

आपला सारंग

राणीसावरगाव,
१४ ऑगस्ट

चि. सारंग यास आशीर्वाद, रागासकट.

खोटं बोलताना तू पाल्हाळ लावतोस, लहानपणापासून. पानभर काच नि सागवान, आणि रिपोर्टचं नाव नाही! आजोबांच्या फोटोची गत माहीत असून माझ्या फोटोची किनार का काढलीस? टिकवायचाच नाही म्हणून ना? आणि दादा मजेत आहे, तर त्याची मागची दोन्ही पत्रं तुझ्या बायकोच्या, ईश्वरीच्या अक्षरात का? मी सांगते. त्याला सगळं ठाऊक आहे, म्हणून मला लिहायला त्याचा हात धजत नाही.

मला उगाच धीट समजू नकोस. लय भ्याले आहे रे. गल्लीतल्या बायका माझ्याशी हळू आवाजात बोलायल्यात. किती दिवस उरलेत ते एकदाचं सांगून टाक.

लोभ असेल तर लपवू नकोस.

तुझी आत्या

परभणी,
१९ ऑगस्ट

ती. आत्यांस सा. न.

पाया पडतो, माफ करा. तुमचा रिपोर्ट सोबत जोडलाय, गावातल्या डॉक्टरांकडून वाचून घ्या. त्यात खरंच काही नाही.

दुखणं बाबांचं आहे. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. लिहिता-वाचता येत नाही, समोरच्याचा चेहराही पुसट होत चाललाय, आणि डॉक्टर म्हणतात, नजर अजून कमी होणार. अनसू एकटी असते, तिला कळवाल तर माझी शपथ आहे, असं त्यांनी बजावलं होतं. ती आज मोडली.

तुमचा फोटो त्यांनीच मोठा करायला लावला. साध्या काचेत त्यांना खिडकीचा उजेडच दिसतो, म्हणून ही काच. पण ती फोटोपासून जरा दूर राहिली की चेहरा धूसर होतो. म्हणून किनार काढली आणि काच फोटोला टेकवली. दुकानदार म्हणाला, असा टिकणार नाही. बाबांचं म्हणणं, माझ्या नजरेपेक्षा चार दिवस जास्त टिकला तरी खूप झालं. तेच मी दुकानात आपल्या शब्दांत सांगत होतो.

तुमचा सारंग

राणीसावरगाव,
२३ ऑगस्ट

चि. सारंग यास आशीर्वाद.

पत्र वाचलं. दुखणं आपलं नाही हे कळून पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं झालं, आणि मग जी लाज वाटली ती कुणाला सांगू? मी इथं आपल्या मरणाची फिकीर करत बसले, आणि तिकडं दादा माझा चेहरा जपून ठेवायलाय.

सोमवारी पहिल्या एसटीनं येते. शपथ मोडल्याचं त्याला सांगू नकोस, मी सांभाळून घेईन. फोटो लावायची घाई करू नका. आधी मला खिडकीकडं तोंड करून बसवा आणि दादाला अगदी जवळ आणा. नाही दिसलं तर हातानं चाचपू दे. माझ्या भुवईवर जुनी खोक आहे, ती फोटोत येत नाही. लहानपणी त्याचीच विटी लागली होती. ती त्याच्या बोटांना बरोबर सापडेल.

बाकी भेटीत. माया आहेच.

तुझी अनसूयाआत्या