दर्याचा नारळ आणि लाँचचं छप्पर

गाझा, जानेवारी १९६५

तीर्थस्वरूप पंढरीमामा यांच्या पायांवर देवूचा नमस्कार. मी इथे हातीपायी धड पोहोचलो आहे. तुम्ही, मामी आणि दुरुस्तीला काढलेली होडी, तिघंही बरी असाल अशी आशा आहे. मामीचे गुडघे आता जिना चढू देतात का, ते कळवा. हे पत्र नेहमीप्रमाणे मंदा वाचत असणार आणि ऐकायला निम्मी आळी आपल्या ओट्यावर जमली असणार. (मंदा, तू मामांची लेक असलीस तरी कंस आला की आवाज बंद करायचा. कंसातलं फक्त तुझ्या बापाच्या कानासाठी असतं. हेही मोठ्याने वाचलंस ना?)

मी देशसेवेसाठी फौजेत गेलो, हे सगळ्या सातपाटीला ठाऊक आहे. (खरं तुम्हीच जाणता. तुमच्या होडीत जितक्या वेळा आलो तितक्या वेळा जाळ्यावर पालथा पडून होतो, आणि किनाऱ्याला लागल्यावर तुम्ही सांगायचात की भाच्याला ताप भरलाय. फौज जमिनीवर चालते, एवढं एकच पाहून मी भरती झालो.) तरी भगवंतकाकांना सुगावा लागलाच. तुम्ही जमुनेचा विषय काढलात तेव्हा ते तोंडावर म्हणाले, "ज्याच्या पोटात दर्या ठरत नाय, त्याला मी पोरगी देत नाय." एकुलती एक पोरगी आणि दारात होडी, त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. आणि नेमकं अशातच आमच्या पलटणीला हुकूम आला, की संयुक्त राष्ट्रांच्या कामावर गाझाला जायचं. दोन बाजूंच्या मधे उभं राहायचं आणि कुणाला भांडू द्यायचं नाही. (आई आणि मामी एकाच विहिरीवर पाणी भरतात, तेव्हा या कामाची मला सवय आहे.) पण जायचं कसं, तर जहाजाने! हुकूम ऐकून पोरं नाचली आणि मी पोट धरून बसलो. त्यातून पलटणीत जव्हारकडचा सुका. त्याचा भाऊ बुधा तारापूरला, त्या नव्या विजेच्या कारखान्याच्या बांधकामावर आहे आणि सुके बोंबील न्यायला भगवंतकाकांच्याच घरी येतो. म्हणजे मी जहाजावर ओकलो की बातमी सुकाकडून बुधाकडे आणि बुधाकडून थेट जमुनेच्या बापाकडे. जमुना हातची गेली, असंच मी धरून चाललो होतो.

निघताना आईने लाल फडक्यात नारळ बांधून दिला होता. "पयला नारल दर्याला दे, मंग पुढं जा. इसरलास तर पोटात पानी बी राहनार नाय," अशी तंबीही दिली होती. तुम्ही नारळ कसा देता ते मी लहानपणापासून पाहतो आहे. काठावरून वाकायचं, हात पाण्याला टेकवायचे आणि पाळण्यात मूल ठेवावं तसा नारळ हळूच सोडायचा. जहाज सुटलं तसा मीही कठड्यावरून वाकलो. फरक एवढाच, की तुमच्या होडीत पाणी हाताखाली असतं आणि इथे ते दोन माडांइतकं खाली होतं. पण रीत ती रीत. डोळे मिटले, जमुनेचं (मंदा, इथे "आईचं" असं वाच) नाव घेतलं आणि नारळ सोडला. धाडकन आवाज आला. पाण्याचा आवाज असा नसतो, एवढं मलाही कळतं. डोळे उघडून पाहतो तर बंदराबाहेरची वाट दाखवणाऱ्या वाटाड्याची लाँच नेमकी खाली, तिच्या पत्र्याच्या छपराला खळगा पडलेला, आणि एक खलाशी वर बघून ओरडतोय, "अरे, जीव घेतोस काय माझा?" कुणाला लागलं नाही, हे नशीब. मग त्या गृहस्थाने फुटलेली दोन्ही भकलं उचलली, वास घेतला आणि आमच्या देखत खोबरं खायला बसला. दर्याला करवंटीदेखील मिळाली नाही. आता माझं काय होणार ते उघड होतं.

आमचे सुभेदार नागोराव परभणीकडचे. समुद्र त्यांनी त्याच दिवशी सकाळी पहिल्यांदा पाहिला होता. माझ्या हातातलं लाल फडकं बघून त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता त्याच लाँचमधून परत धाडतात. (धाडलं असतं तर मी पाया पडलो असतो.) पण नारळाची हकिगत ऐकून ते एकदम खूश! म्हणाले, "म्हंजे तू पक्का दर्यातला गडी की रं. मग ज्याला ज्याला मळमळंल त्याची बादली तुझ्याकडं." ही शिक्षा होती की मान, ते मला अजून समजलेलं नाही.

मुंबईचा किनारा दिसेनासा झाला आणि पलटण आडवी झाली. कुस्त्या मारणारे, उखळी तोफेचा पाया एकट्याने उचलणारे, सगळे भिंतीकडे तोंड करून पडले. सुका तर मला एका डोंगरावर नेऊन सोड म्हणून विनवत होता. मी बादल्या घेऊन वरखाली धावतोय आणि मनात एकच, की आता माझी पाळी. चहा प्यायलो आणि वाट पाहिली. डाळभात जेवलो आणि वाट पाहिली. जेवणघर ओस पडलेलं, तेव्हा आचारी मलाच दुप्पट वाढायचा, तेही खाल्लं. काही होईना! नागोराव माझा हात धरून विचारायचे, "देवू, अजून किती लांब हाय रं?" आणि मी तुमच्यासारखा वाऱ्याकडे बघून गंभीरपणे मान हलवायचो. (तुम्ही म्हणाल, मार्गशीर्षातला दर्या, त्याला कसलं भ्यायचं. मनात म्हणा, ओट्यावर म्हणू नका.) एडन मागे पडलं, सुएझचा कालवा लागला, आणि दोन्ही हातांना वाळू दिसली तेव्हा मी कठड्याला डोकं टेकून रडलो, मामा. इतकं हलकं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

इथे थंडी बोचरी आहे, मासळी मिळते पण मामीच्या हातची नाही. बाकी सगळं ठीक. आईला सांगा, नारळ पोहोचला. कुठे ते सांगू नका.

तुमचा भाचा,
देवू

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. माझ्या नावाने दोन नारळ घ्या. एक तुम्ही स्वतः होडीतून वाकून, हात पाण्याला टेकवून दर्याला द्या, कारण परत यायलाही जहाजच आहे आणि पहिला त्या खलाशाच्या पोटात गेला. दुसरा घेऊन भगवंतकाकांकडे जा आणि जमुनेला मागणी घाला. त्यांना शंका असेल तर बुधाला विचारू देत. सुकाने त्याला सगळं कळवलं आहे.

ता. क. दुसरा. (काल इथल्या एका म्हाताऱ्याने प्रेमाने मला आपल्या उंटावर बसवलं. उंट उठला, डुलत डुलत चार पावलं गेला, आणि मामा, तुमच्या होडीतलं सगळं परत आलं. सुका बादली घेऊन धावला. म्हणाला, "आता माजी पाली हाय." हे बुधाला कळवू नकोस म्हणून त्याला शपथ घातली आहे. सातपाटीत उंट नाहीत, ही देवाची केवढी कृपा!)

ता. क. तिसरा. मंदा, दुसरा ता. क. भगवंतकाकांसमोर वाचू नकोस. जमुनेला मात्र एकटीला गाठून वाचून दाखव. माझ्या पोटाचं तिला पहिल्यापासून ठाऊक आहे, तरी ती थांबली आहे. ती हसेल. कशी हसली ते उलट टपाली कळव.