डावीकडचा खोकला

बाबा, आज सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. काकांना मागच्या महिन्यात लकव्याचा झटका आला. पाय सुधारतोय, पण डावीकडे कोणी उभं असलं तरी त्यांना पत्ता नसतो. डॉक्टरांनी गोळी सुचवलीय. "तुझ्या बाबांना दिलेली ना गं तसलीच? फरक पडलेला का?" काकूंनी विचारलं, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मी पुन्हा त्या दिवसांत जाऊन पडले.

तुमच्या झटक्यानंतरही तुमचे डोळे ठणठणीत होते. मेंदूचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नव्हतं, हे आम्हाला उशिरा कळलं. तोवर आईने आपला अर्थ लावून टाकला होता. ताटात डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर तुम्ही रोज तशीच ठेवता म्हटल्यावर तिला वाटलं, स्वारी रुसलीय. मग कारळ्याची चटणी झाली, जवसाची झाली, ओल्या खोबऱ्याची झाली. "अहो, एवढं काय चुकलं माझं?" म्हणून ती रडायला लागली, तर तुम्ही चकित होऊन विचारताय, "अगं, पण चटणी केलीस कुठे?" शेवटी ठाण्याच्या पुनर्वसन सेंटरमधल्या थेरपिस्ट मॅडमनी आम्हाला समजावलं. ताट फिरवायचं नाही, त्यांना मान वळवू द्यायची, आणि मुलीने कायम डावीकडे बसायचं. मी बसले. कितीतरी दिवस मी बोलायचे आणि तुम्ही उजवीकडच्या भिंतीला उत्तर द्यायचात. फार राग यायचा मला, तुमचा नव्हे, त्या भिंतीचा.

मग डॉक्टरांनी ती गोळी सुरू केली. "ही मुळात कंपवाताची. लक्ष सुधारायला काहींना मदत होते, काहींना अजिबात नाही. व्यायाम सोडायचा नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. तुम्हाला मळमळायचं, उठलं की गरगरायचं, तरी तुम्ही निमूट घेत होतात. तीन आठवड्यांनी तपासणी. कागदभर विखुरलेल्या छोट्या रेघा, प्रत्येकीवर पेन्सिलने काट मारायची. तुम्ही उजव्या अर्ध्यातल्या सगळ्या काटता आणि पेन्सिल खाली ठेवायला लागता. मी डावीकडून हळूच खोकते. तुमची मान वळते, चार रेघा सापडतात. मी पुन्हा खोकते. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, "गोळी लागू पडतेय, डोस वाढवू या."

तुम्ही जन्मभर डोंबिवलीच्या कारखान्यात पार्ट मोजून पास-नापास करणारे. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, हे रीडिंग धरू नका. मुलगी खोकतेय म्हणून वळलो. पुन्हा घ्या, आणि हिला बाहेर बसवा." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दुसऱ्यांदा रेघा कमीच निघाल्या. डोस वाढला नाही. त्याच डोसवर काही दिवस, मग गोळीशिवाय काही दिवस, असं करून पाहिलं. गोळी असताना थोड्या जास्त रेघा सापडायच्या. थोड्याच. म्हणून ती तेवढीच चालू राहिली. घरी आल्यावर तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. आईला फक्त म्हणालात, "हिला आल्याचा चहा दे, खोकला झालाय."

बाबा, त्या दिवशी तुम्ही गप्प राहिला असतात तर डोस वाढला असता आणि तुम्ही आणखी गरगरत राहिला असतात, माझ्यामुळे. तुम्ही मला त्यातून वाचवलंत. आज काकूंना मी खरं तेच सांगितलं, फरक पडला, थोडा पडला, आणि गोळीने त्रास होत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. त्यांना जास्त काहीतरी ऐकायचं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण खोटं सांगवेना. हे तुमचंच देणं, आणि मी त्याबद्दल तुम्हाला कधी काही म्हटलंच नाही.

हा कागद मी कुठे पाठवणार! लिहितेय, कारण एक गोष्ट राहिलीय. खोकल्याचं मीच नंतर आईला सांगितलं, तर ती शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, पोरीची माया बघा, बापासाठी खोकत बसली. मी तिला सांगू दिलं. खरं असं, की मला बंगळुरूला नोकरी लागली होती, पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. तुम्ही सुधारलात असं कोणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणजे मला निघता आलं असतं.