पाहुण्याचं सरबत

२ मे
आईने माझं इन्सुलिन फ्रीजरमध्ये लपवलं! मटारच्या पिशवीखाली! का, तर रविवारी धुळ्याहून मला बघायला येणारे पाहुणे पाणी घ्यायला फ्रीज उघडतील आणि इन्सुलिनची पेनं दिसतील. दोन्ही पेनं दगड. एकदा गोठलं की विरघळूनही कामाचं राहत नाही — फेकली. आई म्हणे, "थंडच ठेवायचं असतं ना?"
थंड. कुल्फी नाही!

३ मे
नवीन पेनं आणली. बाहेर ऊन असं, की बॅगेत राहिली असती तर तीही गेली असती.
आईची सूचना: "पुनम, उद्या डायबिटीसचं बोलायचं नाही." अकरा वर्षांची असल्यापासून टोचतेय. माझं स्वादुपिंड कायमच्या संपावर — इन्सुलिनच बनवत नाही. ते नसलं की साखर रक्तातच हिंडत बसते, शरीर आत उपाशी. हे नवऱ्यापासून लपवायचं? रोज काय सांगू — जरा डोळे मिटा?

४ मे
झालं!
आई ओरडली, "आले, गल्लीत वळले!" पाहुण्यांसमोरून उठता यायचं नाही, म्हणून जेवणाचं इन्सुलिन आधीच घेतलं. मूर्ख मी! ते ताट समोर असल्याशिवाय घ्यायचं नसतं. वळलेली गाडी भलत्याचीच. ही मंडळी आली पाऊण तासाने, आणि वर "जेवायची काय घाई!"
मुलगा, कुंदन, विचारतोय — तुम्ही केळीच्या रोपांच्या लॅबमध्ये काय करता? माझे हात थरथरताहेत, पाठीवर घाम, जीभ जड. आईला वाटलं, लाजतेय. मी उठले, कुंदनच्या हातातला सरबताचा ग्लास घेतला आणि घटाघट प्यायले. त्याचा उष्टा!
बोट टोचून साखर बघितली — चोपन्न. सत्तरच्या खाली म्हणजे धोका!
मग सगळं सांगूनच टाकलं. त्याचे वडील, लोटन नाना, चक्रावले. "तुले साखर शे ना? मंग साखरच काबर पी राह्यनी?"
"नाना, इन्सुलिन साखर खाली आणतं. पोटात अन्न नसलं तर फारच खाली. तेव्हा साखरच वाचवते. नाहीतर इथेच आडवी झाले असते."
"आडवी नको व्हवू, माय!"
पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ठीक. आमरस मोजून खाल्ला. कुंदनने दुसरं सरबत मागितलं नाही. त्याची आई, अक्का, जाईपर्यंत माझ्या टोचलेल्या बोटाकडेच बघत होती.

७ मे
नकार. मध्यस्थ चिंधा मामांचा फोन — "पोरगी गुणाची आहे, पण..." पणच्या पुढे मी फोन वडिलांच्या, आबांच्या, हातात दिला. सुटले, म्हणणार होते. म्हणवेना. आई जेवली नाही.

११ मे
धुळ्याहून फोन. अक्का! दबक्या आवाजात — "पोरी, मी बी टोचस. दोन वरीस व्हयनात. न्हाणीमा, कडी लाईसन. घरमा कोणलेच माहीत नही. एकादशीले उपाशीपोटी बी तेवढंच टोचस, मंग डोळासमोर अंधारी येस."
उपासाला डोस किती ते डॉक्टरांनाच विचारा, मनाने बंद करू नका, साखर हाताशी ठेवा — हे सगळं नंतर सांगितलं.
आधी म्हटलं, "अक्का, आजपासून कडी लावू नका."